रशियन संगीत खर्जाकडून ऐकावं

पूर्ण पियानोवर डाव्या टोकापासून काळ्या-पांढऱ्या मिळून चौदावी पट्टी दाबली, की काळी पाचचा (सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा) जो सूर येतो, त्याची कंपनं सेकंदाला सुमारे ५८ असतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र षड्ज ६९ कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे हा सूर त्याच्याही खालचा, अतिमंद्रातला धैवत. खर्जाचा रियाज करणारा गायक पहाटे तिथवर जाऊन येईलही, पण मैफलीत तिथे कोणी मुक्काम करत नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायकवृंदात मात्र नेमक्या याच सुरावर, आणि कधी त्याच्याही खाली, ठाण मांडून बसणारे गायक असतात. त्यांना ऑक्टाविस्त म्हणतात. वृंदातले नेहमीचे बास, म्हणजे खालच्या पुरुष-आवाजाचे गायक जी ओळ गातात, तीच हे लोक एक सप्तक खालून गातात.

रशियन संगीताची ओळख आपल्याकडे बहुधा वरून होते. बॅलेतली व्हायोलिनं, पियानो कॉन्चेर्तोतल्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेतल्या, वेगवान ताना, फार तर एखाद्या लोकगीताची चाल. या वाटेने गेलं तर संगीत गोड लागतं, पण त्याचं वजन कुठून येतं ते कळत नाही. माझं मत असं की हे संगीत खालून वर ऐकायला हवं: आधी हे खर्जाचे आवाज, मग वाद्यांविना गाणारा वृंद, मग ऑपेरा, आणि शेवटी सिंफनी आणि कॉन्चेर्तो.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यांना मज्जाव आहे. पश्चिम युरोपातल्या चर्चमध्ये गायकांच्या पायाखाली ऑर्गनचा भरणा असतो. रशियन चर्चमध्ये ऑर्गन नाही, त्यामुळे तो पायाही माणसाच्या गळ्यानेच घालायचा. यामागचं गणित तानपुऱ्याशी जन्म काढलेल्या कानांना सांगावं लागत नाही. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, कारण मूळ कंपनाच्या पाचपटीवर शुद्ध गंधार असतो आणि तिपटीवर पंचम. ऑक्टाविस्ताचा ५८ कंपनांचा सूर लागला, की त्याच्यातूनच ११६, १७५, २३३, २९१ अशी वरची कंपनं निघतात, आणि टेनर (वरचा पुरुष-आवाज), आल्टो (खालचा स्त्री-आवाज) यांच्या सुरांना खालून आधार मिळतो. म्हणून दोन-तीन ऑक्टाविस्त असलेला वृंद नुसता खोल वाटत नाही, तर त्याचे वरचे आवाजही जास्त स्थिर आणि उजळ वाटतात. ऑक्टाविस्ताने मोठ्याने गायचं नसतं. तो वेगळा ऐकू यायला लागला तर काहीतरी बिघडलं असं समजावं. त्याचं असणं तो थांबल्यावर जाणवायला हवं.

हा आवाज कसा तयार होतो, तेही पाहू. साधं बोलताना पुरुषाच्या स्वररज्जू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात. ऑक्टाविस्ताच्या रज्जू लांब आणि जाड असतात, त्यामुळे त्या सैल सोडल्या तरी ५८ वर नियमित कंप पावतात. रियाजाने हा आवाज घडवता येतो, पण मुळात नसेल तर आणता येत नाही. शिवाय तो उशिरा पिकतो. विशीतल्या बास गायकाला हे सूर क्वचितच भरीव लागतात. सकाळी उठल्यावर प्रत्येकाचा आवाज खाली असतो आणि दिवस चढला की वर सरकतो. मैफली मात्र बहुतेक वेळा संध्याकाळी असतात, ही ऑक्टाविस्तांची नेहमीची अडचण.

ज्यांच्याकडे हा आवाज नाही ते दोन मार्गांनी खाली जायचा प्रयत्न करतात. पहिला म्हणजे घशातली टरटर. झोपेतून उठून बोलताना आवाज जसा तुटक-तुटक येतो, तसा. त्यात कंपनं अनियमित असतात, म्हणून सूर ठरत नाही आणि वृंदात तो नुसता खरखराट होतो. दुसरा मार्ग जास्त कसबाचा: खऱ्या स्वररज्जूंच्या वर असलेल्या आभासी रज्जूंना अर्ध्या वेगाने कंप पावायला लावायचं. गायक गातो वरच्या सप्तकात, ऐकू येतो खालच्या सप्तकात. सायबेरियाच्या दक्षिणेला तुवा नावाचा रशियन महासंघातला तुर्कवंशीय लोकांचा प्रदेश आहे. तिथल्या कंठगायनातला कारगिरा हा प्रकार याच युक्तीवर उभा आहे. हा आवाज जोरकस असतो, त्याला धातूसारखी कड असते. खरा ऑक्टाविस्त मऊ लागतो. व्लादिमीर मिलर, मिखाईल क्रुग्लोव, युरी विश्न्याकोव यांची ध्वनिमुद्रणं कारगिराच्या शेजारी ठेवून ऐकली, तर हा फरक एका बैठकीत कानात बसतो.

ऐकण्याच्या साधनाबद्दल आत्ताच सांगायला हवं, कारण बहुतेकांचा रसभंग इथेच होतो. मोबाइलच्या स्पीकरमधून ५८ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही. तरीही तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरची कंपनं पोचतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू मूळ सूर ताडतो. सूर ओळखता येतो, पण त्याचा भार मिळत नाही. चांगले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन हा सोपा उपाय. मोठे स्पीकर असतील तर खोलीकडे लक्ष द्यायचं. या सुराची लाट जवळजवळ ६ मीटर लांब असते. दहा फुटी खोलीत त्या लाटेचा बरोबर अर्धा भाग मावतो, त्यामुळे भिंतीलगत हा सूर घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी खोल्या याच मापाच्या आहेत. खुर्ची मधून उचलून मागच्या भिंतीकडे सरकवली तरी ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आवाज वाढवून हे काम होत नाही.

आता ज्या रचनेसाठी ही सगळी तयारी, ती रशियन संगीतकार रखमानिनोवची रात्रभराच्या प्रार्थनेची, ३७ व्या क्रमांकाची रचना. १९१५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, महायुद्ध चालू असताना, त्याने ती लिहिली आणि त्याच मार्चमध्ये मॉस्कोच्या सिनोदल या चर्चच्या वृंदाने निकोलाय दानिलिनच्या दिग्दर्शनाखाली ती पहिल्यांदा गायली. एकूण १५ भाग, सुमारे तासाभराचं गायन, एकही वाद्य नाही. बहुतेक भाग चर्चच्या जुन्या चालींवर बांधलेले आहेत. काही चाली ग्रीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंपरेतल्या, काही कीव्हच्या, काही ज्नामेनी नावाच्या जुन्या रशियन परंपरेतल्या. या चाली लगतच्या सुरांवरून पायरीपायरीने चालतात, मोठ्या उड्या क्वचित. त्यांना ठरावीक मात्रांचं आवर्तन नसतं, शब्दांच्या वजनाप्रमाणे ओळ लांबते आणि आखडते. ताल शोधत ऐकलं तर हातात काही लागत नाही. आलापीला कान लावतो तसा लावावा. रखमानिनोवने ही रचना स्तेपान स्मोलेन्स्कीच्या स्मृतीला अर्पण केली. जुन्या चालींचा अभ्यास पुन्हा सुरू करण्यात या माणसाचा मोठा वाटा.

पाचवा भाग वृद्ध शिमोनाच्या प्रार्थनेचा. बाळ येशूला डोळे भरून पाहिलेला हा म्हातारा देवाला म्हणतो, आता तुझ्या सेवकाला शांतपणे जाऊ दे. षड्ज काळी पाच, अंग कोमल गंधाराचं. वृंद हळू हेलकावे देत राहतो आणि त्याच्यावर एकटा टेनर ओळ गातो. तीनेक मिनिटांनी, टेनर थांबल्यावर, बास गायक एकेक पायरी उतरायला लागतात. अगदी हलक्या आवाजात, घाई न करता, आणि थांबतात ते आपल्या चौदाव्या पट्टीवर. रखमानिनोवने ही जागा दानिलिनला पियानोवर वाजवून दाखवली तेव्हा त्याने मान हलवली आणि विचारलं, असे बास आणायचे कुठून, ते तर नाताळात शतावरी मिळावी इतके दुर्मीळ. रखमानिनोवला आपल्या देशबांधवांच्या गळ्यांची खात्री होती, आणि दानिलिनला गायक मिळालेही. आपल्या अंत्यसंस्कारात हा भाग गायला जावा, अशी रखमानिनोवची इच्छा होती.

ही उतरण बिघडते कशी, हेही माहीत असावं. पहिली चूक म्हणजे सूर घसरणं. वाद्याचा आधार नसलेला वृंद पाच भाग गाता-गाता नकळत खाली येतो. अर्धा सूर जरी उतरला तरी शेवटचा सूर ५८ ऐवजी ५५ वर जातो, आणि जो गायक काळी पाच कशीबशी गाठणार होता त्याचा आवाजच बंद पडतो. म्हणून दिग्दर्शक दोन भागांच्या मध्ये कानाशी ट्यूनिंग फोर्क धरून षड्ज तपासतो. दुसरी चूक श्वासाची. इतक्या खालच्या सुराला हवा फार लागते, आणि भावनेच्या भरात दिग्दर्शकाने लय आणखी ओढली तर शेवटच्या पायरीपर्यंत दम उरत नाही. कसलेला बास विभाग श्वास आळीपाळीने घेतो, म्हणजे ओळ कुठे तुटत नाही. तिसरी चूक सगळ्यांनी मिळून जोर लावण्याची. जोर लावला की रज्जू ताणल्या जातात आणि सूर वर सरकतो. खाली जायचं तर सोडून द्यावं लागतं. ध्वनिमुद्रण पारखायचं असेल तर शेवटची वीस सेकंदं ऐकावीत: टरटर आहे का, सूर खरंच पोचला का, आणि वरचा वृंद त्या वेळी मवाळ राहिला का.

दुसऱ्या भागात आल्टो आवाजाचं एकल गायन आहे. नववा भाग सगळ्यांत नाट्यमय, पुनरुत्थानाची कथा सांगणारा. त्यातलं सूत्र रखमानिनोवने २५ वर्षांनी, १९४० मध्ये, आपल्या शेवटच्या मोठ्या रचनेत, सिंफनिक नृत्यांत, पुन्हा वापरलं. वाद्यवृंदाच्या त्या झंझावातात चर्चची ओळ ओळखू आली, की खालून वर ऐकण्याचा फायदा कळतो.

क्रांतीनंतर सिनोदल वृंद बंद झाला आणि असं संगीत मैफलीत गाणं अवघड झालं. वृंद-दिग्दर्शक अलेक्सान्द्र स्वेश्निकोवने १९६५ मध्ये मेलोदिया कंपनीसाठी या रचनेचं जे ध्वनिमुद्रण केलं, ते देशात विक्रीला ठेवलं नव्हतं, परदेशी पाठवण्यासाठी होतं. एकल गायक क्लारा कोर्कान आणि कोन्स्तान्तिन ओग्नेवोय. ध्वनिमुद्रणाची प्रत जुनी आहे, मोठ्या आवाजाच्या जागा थोड्या फाटतात. तरी पहिलं ध्वनिमुद्रण म्हणून मी हेच सुचवेन, कारण बास विभागाची घनता नंतरच्या स्वच्छ, डिजिटल ध्वनिमुद्रणांत सहसा इतकी मिळत नाही.

ऑक्टाविस्ताला पायातून उचलून पुढे आणायचं काम संगीतकार पावेल चेस्नकोवने केलं. म्हातारपणी मला टाकू नकोस, या स्तोत्रावरची त्याची रचना ऑक्टाविस्त एकल आणि वृंदासाठी आहे. जो आवाज एरवी वेगळा ऐकू येऊ नये, तोच इथे एकटा गातो, आणि शब्दही उतारवयाचे. चेस्नकोव मॉस्कोच्या तारणहार ख्रिस्ताच्या भव्य कथीड्रलचा वृंदनायक होता. १९३१ च्या डिसेंबरमध्ये ते कथीड्रल सुरुंग लावून पाडलं गेलं, आणि त्यानंतर त्याने संगीतरचना करणं सोडलं. १९४० मध्ये त्याचं वृंद-दिग्दर्शनावरचं पुस्तक आलं. सगळ्या आवाजांचा पूर्ण मिश्र वृंद किमान २७ गायकांचा असावा, हा हिशोब त्यातलाच.

ऑपेरागायक फ्योदोर शाल्यापिनचं नाव निघालं की लोक त्याला रशियन खर्जाचा राजा म्हणतात. राजा तो होताच, पण खर्जाचा नव्हे. त्याचा बास वरच्या बाजूला झुकणारा, बॅरिटोन या बास आणि टेनरच्या मधल्या आवाजाजवळचा होता. त्याच्याकडून काळी पाचची अपेक्षा धरून ऐकलं तर पदरी निराशा पडेल. त्याची ताकद शब्दात होती. १९२८ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये प्रत्यक्ष प्रयोगातच संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या ऑपेरातल्या त्याच्या बोरिस गोदुनोव या झारच्या भूमिकेचं ध्वनिमुद्रण झालं. भास होणाऱ्या झारच्या प्रसंगात तो गाणं अर्ध्यात सोडून बोलतो, धापा टाकतो, पुन्हा सुरात येतो. आपल्या संगीत रंगभूमीवर गद्यातून पदात शिरण्याच्या जागा ज्यांनी ऐकल्यात, त्यांना यातलं अवघडपण नीट कळेल.

बोरिस गोदुनोव ऐकायला घेताना कुठली प्रत आहे ते आधी बघावं. मुसोर्ग्स्कीने १८६९ मध्ये सात प्रवेशांचा ऑपेरा लिहिला. मोठी स्त्री-भूमिका नाही म्हणून शाही नाट्यगृहांच्या समितीने तो नाकारला. मग त्याने १८७२ पर्यंत पोलंडचा अंक घालून तो वाढवला आणि १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रयोग झाला. त्याच्या मृत्यूनंतर संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने सगळ्याला नवी, चकचकीत वाद्ययोजना दिली, आणि कित्येक दशकं जगाने तीच ऐकली. ती मोहक आहे. पण मुसोर्ग्स्कीच्या मूळ योजनेतला खडबडीतपणा त्या पात्रांना जास्त शोभतो.

राज्याभिषेकाच्या प्रवेशात घंटा वाजतात, तिथे थोडं थांबू. वाद्यवृंद दोनच स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोन गट, आलटून-पालटून वाजवत राहतो. एकाचा पाया पांढरी दोन, दुसऱ्याचा काळी चार. पहिल्याला षड्ज मानलं तर दुसरा त्याचा तीव्र मध्यम. म्हणजे एकमेकांपासून जास्तीत जास्त दूरचे पाये. पण दोन्ही संघातांत दोन सूर सामाईक आहेत: काळी तीन आणि पांढरी एक. पहिल्या संघातात काळी तीन हा शुद्ध गंधार असतो आणि पांढरी एक कोमल निषाद. पाया बदलला की त्याच दोन सुरांची अदलाबदल होते, गंधाराचा निषाद होतो आणि निषादाचा गंधार. मधले दोन सूर जागचे हलत नाहीत आणि जमीन मात्र सरकते. हार्मोनियमवर हे पाच मिनिटांत करून बघता येतं. डाव्या हाताने पाया बदलायचा, उजव्या हाताची दोन बोटं हलवायची नाहीत. झारच्या डोक्यावर मुकुट चढतोय आणि पायाखालची जमीन हलते आहे, हे मुसोर्ग्स्कीने एवढ्याशा साधनात सांगितलं. शिवाय रशियन घंटा एका ठरावीक सुरात लावलेल्या नसतात, त्यांचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. तो गढूळपणाही या संघातांत आहे.

त्याच ऑपेरात खर्जाच्या दुसऱ्या टोकाला एक आवाज आहे, तो वेड्या साधूचा. बारीक, वरचा टेनर, अर्ध्या सुराने खाली पडणारा हुंदका पुन्हा-पुन्हा घेणारा. भुकेल्या रशियन जनतेसाठी रडतो तो हाच. इवान कोझलोव्स्कीचा साधू ऐकावा. उसना कंप नाही, आवाज जवळजवळ बालिश, आणि त्यामुळेच असह्य. खालच्या स्त्री-आवाजांसाठी संगीतकार ग्लिंकाकडे जायचं. त्याच्या पहिल्या ऑपेरातला अनाथ मुलगा वान्या (१८३६) आणि दुसऱ्यातला खझार राजपुत्र रात्मिर (१८४२), दोन्ही पुरुष पात्रं काँट्राल्टो गायिकांसाठी लिहिलेली आहेत. खरी काँट्राल्टोही ऑक्टाविस्ताइतकीच दुर्मीळ, म्हणून या भूमिका बऱ्याचदा त्याहून वरच्या आवाजाच्या मेझ्झो गायिकांना दिल्या जातात आणि खालच्या ओळी पातळ होतात.

इथवर कान तयार झाले की वाद्यसंगीत वेगळं ऐकू येतं. रखमानिनोवच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्तोची (१९०९) सुरुवातीची धून घ्या. दोन हात, एका सप्तकाच्या अंतरावर, तीच एकेरी ओळ, षड्जाच्या आसपास मोजक्या सुरांत फिरणारी. संगीतशास्त्रज्ञ योसिफ यासेरला त्यात कीव्हच्या एका जुन्या चर्चगीताची छाया दिसली. रखमानिनोवने मात्र कळवलं की धून आपोआप लिहिली गेली, आणि गायक गातो तशी ती पियानोवर गावी एवढाच आपला हेतू होता. उसनवारी सिद्ध करायची गरजच नाही. ज्याने लहानपणापासून ती गाणी ऐकली, त्याची बोटं त्याच पायऱ्यांवरून चालणार. वादक या धुनीत नाट्य ओतायला लागला की ती मोडते. साधेपणाने वाजवणारा शोधावा.

चायकोव्स्कीची सहावी सिंफनी (१८९३) सुरू होते तीच तळातून: डबल बासच्या सुरांच्या आधारावर, ‘बसून’ नावाच्या खालच्या फुंकवाद्याची एकट्याची घोगरी ओळ. पहिल्या भागाच्या मध्यावर याच वाद्याला इतकं हलकं वाजवायचं असतं की चायकोव्स्कीने तिथे मंदपणाची सहा चिन्हं लिहिली. बसूनला त्या पट्टीत इतकं हळू वाजणं जवळजवळ अशक्य, म्हणून पुष्कळ वाद्यवृंद ते शेवटचे चार सूर बास क्लॅरिनेटला देतात. हेडफोन लावलेले लोक इथे आवाज वाढवतात, आणि लगेच पुढच्या क्षणी सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. आवाज वाढवू नये. त्या गदारोळात थोडं पुढे पितळी वाद्यं एक शांत ओळ वाजवतात. मृताला संतांसोबत विसावा दे, ही ऑर्थोडॉक्स अंत्यविधीतली प्रार्थना. शब्द नाहीत, पण त्या काळच्या रशियन श्रोत्याला सांगायला नको.

शेवटच्या भागाची पहिली धून तर कुठल्याच एका वादकसमूहाला दिलेली नाही. पहिली व्हायोलिनं एक सूर वाजवतात, पुढचा दुसरी व्हायोलिनं, त्याच्या पुढचा पुन्हा पहिली. एकाची वही समोर ठेवून वाजवलं तर उड्या मारणारं, अर्थहीन काहीतरी येतं. दोन्ही मिळूनच ती उतरती ओळ तयार होते. आजचे बरेच वाद्यवृंद पहिली आणि दुसरी व्हायोलिनं डावीकडे शेजारी-शेजारी बसवतात, त्यामुळे हे सगळं एकजीव होऊन जातं. जुन्या पद्धतीने समोरासमोर, मंचाच्या दोन बाजूंना बसवलं की सूर डावीकडून उजवीकडे फेकला जातो आणि ओळ थरथरते. मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल असेल तेव्हा बसण्यापूर्वी मंचावरची खुर्च्यांची मांडणी बघावी. घरी ऐकत असाल तर समोरासमोर मांडणीचं ध्वनिमुद्रण निवडून हेडफोन लावावेत, आणि पहिल्या दहा सेकंदांत एकेका कानाचा हेडफोन काढून बघावा.